पिस्तुलाचं मॅगझिन बटण कडक लागतं: स्प्रिंग कापण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलादी फ्रेमचं, १९११ पद्धतीचं (जॉन ब्राउनिंगच्या जुन्या रचनेवर बेतलेलं) नवं पिस्तूल. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, सोडायचं बटण इतकं कडक की अंगठ्याने दाबताना पकड हलते आणि नेम जागेवरून जातो. ओळखीच्या एका नेमबाजाने सल्ला दिला की स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाक, बटण लोण्यासारखं होईल. हे घरी करावं का, आणि त्याऐवजी लांब बटण बसवलं तर चालेल का?

स्प्रिंग कापू नका. बाकीचं बरंचसं घरी करता येतं, आणि ते मी खाली सांगतो.

आधी कायद्याचं. शस्त्राच्या कोणत्या भागाला मालकाने स्वतः हात लावायचा आणि कोणतं काम परवानाधारक कारागिरानेच करायचं, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. तुमच्या परवान्याच्या अटी वाचून घ्या. सफाई आणि तेलपाणी सहसा मालकाचंच काम समजलं जातं, आणि तुमचं दुखणं बहुधा तेवढ्यावरच बरं होईल.

बटण ज्या भागाला हलवतं त्या मॅगझिन कॅचचं काम मॅगझिन धरून ठेवण्याचं आहे. सोडणं हे दुसरं काम. गोळी सुटताना पिस्तूल मागे उसळतं, स्लाईड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) आपटते, हाताची पकड बदलते, आणि या सगळ्यात भरलेलं मॅगझिन कॅचच्या एका लहानशा कंगोऱ्यावर टेकलेलं असतं. त्यामुळे बटण हलकं करताना प्रत्येक वेळी एकच विचारायचं: यातून धरून ठेवायची ताकद कमी होतेय का? होत असेल तर तो उपाय बाद.

आता कडकपणा येतो कुठून ते बघू. अंगठ्याला जो जोर लागतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, स्प्रिंगचा दाब आणि घर्षण. लोक सगळा दोष स्प्रिंगला देतात, कारण ती डोळ्यांना दिसते. माझ्यासमोर आलेल्या कडक बटणांपैकी बहुतेकांचा दोष घासण्यात निघाला आहे: कारखान्याचं सुकलेलं ग्रीस, कॅचच्या भोकाच्या काठावर राहिलेला बर (धातूची बारीक खरखरीत कड), रंगाचा किंवा लेपाचा जास्तीचा थर, नाहीतर बटणाला घासणारी ग्रिपची, म्हणजे मुठीच्या बाजूची, पट्टी. कोरड्या पोलादावर पोलाद सरकतं तेव्हा घर्षणगुणांक ०.५ च्या वरही जातो. मध्ये तेलाचा पातळ थर असला की तो ०.१ ते ०.२ वर येतो. अंगठ्याला हा फरक लगेच जाणवतो.

अवजार हातात घेण्याआधी: मॅगझिन काढा, स्लाईड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या टेबलावर काम चालू आहे तिथे एकही जिवंत काडतूस नको. पुढच्या सगळ्या चाचण्यांना डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, लागतील. त्यांचा रंग खऱ्या काडतुसापेक्षा वेगळा असावा, म्हणजे नजर चुकणार नाही. डोळ्यांवर चष्मा लावा, कारण या कामातली स्प्रिंग लहान असली तरी उडाली की सरळ डोळ्याच्या उंचीवर येते.

पहिली चाचणी काहीही न खोलता करायची. बटण चार अवस्थांमध्ये दाबून बघा. एक, मॅगझिन नसताना; दोन, रिकामं मॅगझिन घालून, स्लाईड मागे असताना; तीन, डमी राउंडांनी पूर्ण भरलेलं मॅगझिन घालून, स्लाईड मागेच असताना; आणि चार, तेच भरलेलं मॅगझिन घालून, स्लाईड पुढे बंद असताना. हाताच्या अंदाजावर भागवायचं नसेल तर साधा डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर बोथट टोकाची लाकडी दांडी उभी धरा, बटण दांडीवर टेकवून पिस्तूल सरळ खाली दाबा आणि कॅच सुटतो त्या क्षणीचा आकडा लिहून ठेवा. या आकड्याला प्रमाण म्हणून किंमत नाही, पण काम करण्याआधी आणि नंतर तुलना करायला तो फार उपयोगी पडतो.

मॅगझिन नसतानाच बटण कडक असेल तर दोष कॅचमध्ये, त्याच्या भोकात किंवा ग्रिपमध्ये आहे. रिकाम्या मॅगझिनला ठीक आणि भरलेलं मॅगझिन घालून स्लाईड बंद केल्यावरच कडक, असं असेल तर कॅचचा दोष नाही. स्लाईड बंद असताना तिचा खालचा भाग वरच्या काडतुसाला खाली दाबतो, मॅगझिनची स्प्रिंग आणखी आवळली जाते आणि सगळं मॅगझिन कॅचच्या कंगोऱ्यावर खाली रेटलं जातं. त्या दाबाखालून कंगोरा बाजूला सरकवायचा म्हणजे जोर लागणारच. खात्री करायची असेल तर एक राउंड कमी भरून तीच चाचणी करा. बटण एकदम सैल वाटलं तर कॅचला हात लावायचं कारण नाही. नवीन मॅगझिनची स्प्रिंग वापरात थोडी बसते. काही दिवस मॅगझिन भरून ठेवा, किंवा एक राउंड कमी भरायची सवय लावा.

एक तिसरा प्रकार लोक यात मिसळतात. बटण सहज दबतं, पण मॅगझिन खाली पडत नाही, हाताने ओढावं लागतं. ही तक्रार वेगळी आहे. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझिन नसताना ट्रिगर चालू नये म्हणून दिलेला सुरक्षा-भाग मॅगझिनच्या पुढच्या अंगावर दाबून घासतो. त्यामुळे ते आपोआप पडत नाही, आणि ती मूळ रचनाच आहे. सीझेड ७५ च्या जुन्या रचनेत तर मॅगझिन पडू नये म्हणून मुद्दाम पट्टीची स्प्रिंग दिलेली होती. अशा पिस्तुलात बटणाला कितीही पॉलिश केलं तरी मॅगझिन झपकन पडणार नाही.

आता तुमच्या १९११ कडे. जॉन ब्राउनिंगच्या या रचनेतला कॅच तीन भागांचा असतो: आडवा कॅच, त्याच्या पोटातली स्प्रिंग आणि कॅच-लॉक. उजव्या बाजूला लॉकचं डोकं दिसतं. त्यावर खाच असते, म्हणून सगळे त्याला स्क्रू समजतात. तो स्क्रू नाही, त्याला आटे नाहीत. त्याच्या एका बाजूला लहानशी जीभ असते आणि ती फ्रेममधल्या खोबणीत अडकलेली असते. बटण दाबलं की कॅच सरकतो, लॉक मात्र जागचा हलत नाही, आणि त्या दोघांमध्ये स्प्रिंग आवळली जाते.

काढताना डोक्यातल्या खाचेत बरोब्बर बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर लावा, घड्याळाच्या उलट दिशेने अगदी हलका ताण ठेवा आणि दुसऱ्या हाताने बटण हळूहळू दाबत जा. एका ठिकाणी लॉक आपणहून पाव फेरा फिरतो. ते ठिकाण सापडेपर्यंत जोर लावायचा नाही. जीभ कॅचमधल्या खाचेसमोर आली नसताना फिरवाल तर ती वाकेल किंवा फ्रेमची खोबणी खरवडेल, आणि मग कडकपणा कायमचाच राहील. लॉक फिरला की तिन्ही भाग एकत्र बाहेर येतात. पुढे लॉक कॅचमधून सोडवताना हात पारदर्शक पिशवीच्या आत ठेवून काम करा. स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहील.

तुमचं पिस्तूल ग्लॉक पद्धतीचं असतं तर आत वेटोळ्यांची स्प्रिंगच नसती. तिथे एक सरळ तार उभी असते आणि ती कॅचच्या खाचेत बसते. पातळ टोकाने तार खाचेबाहेर सरकवली की कॅच निघतो. ती तार वाकवून बटण हलकं करायचा सल्लाही ऐकायला मिळतो. तो घेऊ नका. वाकलेली तार खाचेत नीट बसत नाही. बटणाऐवजी ग्रिपच्या तळाशी खटका असलेल्या वॉल्थर पी३८ किंवा मकारोव्हसारख्या जुन्या युरोपीय पद्धतीच्या पिस्तुलांत तर कडक स्प्रिंग अपेक्षितच धरलेली आहे, कारण ते मॅगझिन दुसऱ्या हाताने ओढूनच काढायचं असतं.

भाग बाहेर आले की आधी फक्त सफाई. नव्या पिस्तुलात गंज लागू नये म्हणून भरलेलं ग्रीस महिनोन् महिने पडून मेणासारखं होतं, आणि कॅचच्या पोटात ते स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये जाऊन बसतं. मिनरल स्पिरिट किंवा बंदुकीसाठीचं सॉल्व्हंट आणि नायलॉनचा ब्रश पुरेसा आहे. प्लास्टिकच्या फ्रेमजवळ ॲसिटोन नेऊ नका. सगळं कोरडं पुसा, तेलाचा एकेक थेंब लावा, जोडा आणि काट्यावर पुन्हा आकडा घ्या. जोडताना ग्रिपच्या पट्ट्या बसवू नका. पट्ट्यांशिवाय बटण हलकं आणि पट्ट्या लावल्यावर जड, असं झालं तर चोर सापडला: पट्टीचा कापलेला कोपरा बटणाला किंवा कॅचच्या टोकाला घासतोय. जाड किंवा बाजारातून वेगळ्या घेतलेल्या पट्ट्यांमध्ये हे हमखास होतं. अशा वेळी कॅचला न छेडता पट्टीचा तो कोपरा आतून कानशीने थोडा मोकळा करायचा. पट्टी बिघडली तर दुसरी मिळते.

एवढं करूनही घासत असेल तर घासण्याची जागा शोधा. कॅचच्या सगळ्या अंगावर काळ्या मार्करने पातळ रंग द्या, कोरडाच जोडा, बटण वीस-पंचवीस वेळा दाबा आणि परत काढा. जिथे घासतंय तिथे शाई उडून धातू चमकत असतो. बहुतेक वेळा सगळ्या अंगावर न घासता एकाच कडेला, केसाएवढ्या रुंदीची एक लांबट रेघ दिसते. फ्रेमच्या भोकासाठी कापसाची काडी वापरा. काठावरून ती हळू फिरवा. जिथे बर आहे तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. बोटाला न जाणवणारा बरही तिथे सापडतो. भिंग आणि तिरका उजेड सोबत असेल तर उत्तम.

पॉलिश करायचं ते फक्त शाई उडालेल्या जागी. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, मग १०००, मग १५०० किंवा २०००, प्रत्येक वेळी तेल लावून आणि कागद काचेच्या किंवा सपाट पोलादाच्या तुकड्यावर ठेवून. कागद बोटावर धरून घासलात तर कडा गोल होतात. हात कॅच सरकतो त्याच दिशेने चालवा, म्हणजे उरलेले बारीक ओरखडे हालचालीच्या रेषेत राहतील. पॉवर टूल नको. फिरता चाकाचा दगड क्षणार्धात इतका धातू खातो की तो परत घालता येत नाही. भोकाच्या काठावरचा बर बारीक गोल दगडाने किंवा काडीला गुंडाळलेल्या कागदाने एक-दोन हलके हात मारून निघतो. मोजून धातू काढायची गरज इथे नाही. उंच राहिलेली टोकं तेवढी बसवायची आहेत.

फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर भोकाच्या आत पॉलिश करूच नका. त्यावरचा कठीण ॲनोडाइझ थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. तो गेला की खालचा मऊ ॲल्युमिनियम पोलादी कॅचखाली झिजत जातो. अशा फ्रेममध्ये जे काही करायचं ते कॅचवर. फ्रेम आणि कॅच दोन्ही स्टेनलेस असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं की धातू एकमेकांना चिकटून खरवडले जातात. तिथे तेलापेक्षा ग्रीसचा पातळ हात टिकतो. पॉलिश पेस्ट लावून बटण शेकडो वेळा दाबायचं, म्हणजे आपोआप जुळून येईल, हा उपाय मला मान्य नाही. पेस्टचे कण मऊ धातूत रुततात आणि नंतर कधीच पूर्ण निघत नाहीत. निव्वळ तेल लावून दाबत राहिलात तर मात्र हरकत नाही. नव्या भागांचे उंचवटे त्याने बसतात.

कॅचच्या कंगोऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान होतं ते इथेच. कंगोऱ्याच्या वरच्या अंगावर मॅगझिनची खाच टेकते. ते अंग आणि त्याची धार यांना कागद लावायचा नाही, मार्करची शाई तिथून उडालेली दिसली तरीही. शाई तिथे उडणारच, भार तिथेच आहे. ती धार गोल झाली की उसळीच्या धक्क्यात खाच तिच्यावरून घसरू शकते. आणि ते अंग खाली गेलं की सगळं मॅगझिन तेवढंच खाली बसतं. वरच्या काडतुसाची उंची बदलते, आणि पुढे येणारी स्लाईड काडतुसाच्या बुडाला पुरेशी धरत नाही किंवा त्याच्यावरून निसटते. मग माणूस मॅगझिनच्या ओठांना (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडांना), गोळीला, एक्स्ट्रॅक्टरला (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) दोष देत बसतो आणि मूळ कारण मिलिमीटरच्या काही दशांशांत लपलेलं असतं. कंगोऱ्याचं खालचं उतरतं अंग वेगळं. मॅगझिन वर घालताना ते त्याला ढकलून कॅच बाजूला करतं. मॅगझिन घालायलाच जड जात असेल तर त्या उतारावर १५०० चा हलका हात चालतो.

आता स्प्रिंग का कापायची नाही. वेटोळ्यांची संख्या कमी झाली की स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला अधिक ताठ होते, मऊ होत नाही. कमी होतो तो बसवतानाचा आधीचा दाब. समजा स्प्रिंगला १२ वेटोळी आहेत, मोकळी लांबी २४ मिलिमीटर, आणि पिस्तुलात बसल्यावर ती १६ मिलिमीटर होते. म्हणजे विश्रांतीच्या जागीच ती ८ मिलिमीटर आवळलेली आहे, आणि बटण ३ मिलिमीटर दाबल्यावर ११. दोन वेटोळी कापली की मोकळी लांबी २० उरते आणि ताठपणा १.२ पट होतो. हिशेब केलात तर बटण पूर्ण दाबायला लागणारा जोर सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतो, पण मॅगझिन धरून ठेवणारा आधीचा दाब ४० टक्क्यांनी घटतो. अंगठ्याला जेवढा आराम मिळाला त्याच्या किती तरी जास्त किंमत पकडीने मोजली. शिवाय कापलेलं टोक धारदार असतं, सपाट नसतं. स्प्रिंग वाकडी उभी राहते, कॅचच्या पोटाला आतून घासते, आणि घालवायला निघालात तेच घर्षण वाढतं. एका स्पर्धकाचं भरलेलं मॅगझिन ऐन फैरीत जमिनीवर पडलेलं मी पाहिलं आहे. उघडून बघितलं तर आत कापलेली स्प्रिंग होती.

घर्षण पूर्ण गेल्यावरही स्प्रिंग खरोखरच जड वाटत असेल तर त्याच पिस्तुलासाठी बनवलेली कमी ताकदीची तयार स्प्रिंग घ्या. तिची लांबी आणि टोकं बरोबर असतात, तार किंचित बारीक असते. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातात होतो, म्हणून बाकी सगळं तसंच ठेवून तार १० टक्के बारीक केली की ताठपणा सुमारे एक-तृतीयांशाने उतरतो. त्यामुळे एकदम सगळ्यात हलकी स्प्रिंग उचलू नका. जुनी स्प्रिंग नाव लिहून पाकिटात जपून ठेवा.

बटण दाबायची पद्धतही बघा. पिस्तूल न फिरवता अंगठा लांबवून दाबला की जोर तिरका पडतो, आणि एका कोपऱ्यातून ढकललेल्या ड्रॉवरसारखा कॅच भोकात आडवा अडकतो. भाग निर्दोष असतानाही बटण कडक वाटण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. काट्यावर सरळ दाबून आलेला आकडा ठीक असेल आणि हातात तरीही जड जात असेल तर पिस्तूल तळहातात थोडं वळवून अंगठ्याचा पेर बटणाच्या मध्यावर आणा. डावखुऱ्या नेमबाजाला हे बटण तर्जनीने किंवा मधल्या बोटाने दाबावं लागतं. त्याच्यासाठी बाजू बदलता येणारा कॅच हा खरा उपाय आहे. बेरेटा ९२ एसबीपासून पुढच्या मॉडेलांत आणि ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून ती सोय मूळ रचनेतच आहे.

काम झाल्यावर पडताळणी. डमी राउंडांनी भरलेलं मॅगझिन स्लाईड बंद ठेवून घाला आणि खाली जोरात ओढा. तळपट्टीवर तळहाताने फटके मारा. बटण अर्धं दाबून ओढा. अर्ध्या दाबावर मॅगझिन सुटलं तर कंगोरा खाचेत पुरेसा जात नाही, आणि तसं पिस्तूल वापरात आणायचं नाही. बटण सोडल्यावर कॅचने झटकन, पूर्ण, दर वेळी मागे यायला हवं. पिस्तूल उलटंसुलटं, आडवं धरूनही हे करून बघा. तुमच्याकडची सगळी मॅगझिन लावून बघा, कारण खाच झिजलेलं एखादं जुनं मॅगझिन नव्या हलक्या स्प्रिंगवर टिकत नाही. प्लास्टिकची खाच असलेल्या मॅगझिनांवर धातूचा कॅच वापरत असाल तर खाचेची धार मुद्दाम तपासा. प्लास्टिक धातूसमोर झिजतं. त्यानंतर रेंजवर, सुरुवातीला दोन-दोन गोळ्या भरून आणि मग पूर्ण मॅगझिन. एकदा जरी मॅगझिन आपोआप सैल झालं तर मूळ स्प्रिंग परत घाला. कॅचवर धार गेल्याची शंका असेल तर कॅच नवा घ्या. तो वेल्डिंगने भरून कानशीने घडवायच्या भानगडीत घरी पडू नका. तो भाग उष्णता देऊन कठीण केलेला असतो आणि वेल्डने ते सगळं बिघडतं.

लांब बटणाचं विचारलंत. ते कडकपणा कमी करत नाही, फक्त अंगठ्याजवळ येतं. स्पर्धेत, उघड्या होल्स्टरमधून वापरणाऱ्याला ते चालतं. जे पिस्तूल अंगावर बाळगायचं आहे किंवा घरात जवळ ठेवायचं आहे, त्यावर मी ते बसवत नाही. होल्स्टरची कड, पट्टा किंवा आधाराच्या हाताचा तळवा त्यावर पडतो, आणि मॅगझिन अर्धवट सुटलेलं तुम्हाला कळतही नाही. वरून बघितलं तर ते जागेवरच दिसतं. पहिली गोळी चेंबरमधली असते, म्हणून ती सुटते. दुसरी येत नाही. बसवायचंच असेल तर आधी घर्षण काढा, मूळ ताकदीचीच स्प्रिंग ठेवा, आणि पिस्तूल रिकामं करून, डमी राउंडांचं मॅगझिन घालून होल्स्टरमध्ये ठेवा. बसा, वाका, कूस बदला, मग बाहेर काढून मॅगझिन ओढून बघा.